पांढरी पाच

मी पायपेटी बोलतेय. हातपेटी नव्हे हं. ती मांडीएवढी असते, कुणीही उचलून कुठेही नेतं. मला लाकडाचे चार पाय आहेत आणि खाली पायाने दाबायच्या दोन फळ्या. माणसाने खुर्चीवर बसून त्या फळ्या हलवायच्या, मग माझ्या पोटातला भाता फुगतो, वारा सुटतो आणि बोट ज्या पट्टीवर पडेल तो सूर वाजतो. थोडक्यात काय, दुसऱ्याने पाय मारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. आज पहिल्यांदाच आपण होऊन बोलतेय, तर मध्येच खोकू नका.

आणि माझ्याकडून हुंदक्यांची अपेक्षाही ठेवू नका. मी लाकूड आहे. ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथली माणसं माझ्यासारखी होत गेली की मी त्यांच्यासारखी, ते आता कळायला मार्ग नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कुणी लाकूड तासलं, कुणी भात्याचं चामडं शिवलं, एका म्हाताऱ्याने पितळी पात्या कानशीने घासून घासून सुरात आणल्या. आई कोण, बाप कोण विचारू नका. पुष्कळ जण होते आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले.

तिथून मी गाण्यांच्या दुकानात आले. त्या काळी गाणं घरी न्यायचं तर कागदावरच. यंत्रातून गाणी येतात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दुकानात गाण्यांचे छापील कागद मिळायचे. आत शब्द, शब्दांखाली सुरांच्या खुणा आणि वर हसणाऱ्या बाईचं चित्र. गाणं कितीही रडकं असलं तरी बाई हसायचीच. आता कागद बघून चाल कुणाला कळते? म्हणून काचेमागे मला मांडलं होतं आणि माझ्यापुढे एक बारीक अंगाचा माणूस बसवला होता. गिऱ्हाईक बोट दाखवेल ते गाणं त्याने वाजवून दाखवायचं.

हेच माझे मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण दुकानदाराला नोकरांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून तो पेटीवाल्याला मास्तर म्हणायचा आणि झाडूवाल्याला साहेब.

पुढे दुकानात पियानो आला आणि मी अडगळ झाले. दुकानदार म्हणाला, "मास्तर, ही पेटी घेऊन जा घरी. इथे नुसती जागा खाते." मास्तरांनी मला हातगाडीवर घालून नेलं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तळाशी पावाची भट्टी होती, तिचं धुराडं माझ्या मागच्या भिंतीतून वर जायचं. त्यामुळे थंडीत माझी पाठ कधी गार पडली नाही. ऊब म्हणून जी काही माझ्या वाट्याला आली, ती बरीचशी त्या भट्टीची.

घरात मास्तर, मास्तरीणबाई आणि त्यांची एकुलती एक लेक. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

मास्तर दिवसभर दुसऱ्यांची गाणी वाजवून यायचे आणि सुटीच्या दिवशी स्वतःची रचायचे. ती कुणी घेत नव्हतं. दुकानदार कागद परत करताना म्हणायचा, "छान आहे हो. पण अशी गाणी माझ्याकडे कपाटभर आहेत." खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते.

एका रविवारी मास्तरांच्या कोटाचं बटण तुटलं. बाहेर जायचा तो एकच कोट, तपकिरी रंगाचा. मास्तरीणबाई सुईदोरा आणायला आत गेल्या, तेवढ्यात भिंगरीने ते बटण उचललं. तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. लहान मुलांना फट दिसली की तिच्यात काहीतरी घालायचंच असतं. माझ्या पट्ट्यांच्या पुढच्या कडेखाली एक बारीक फट आहे, तिच्यातून तिने ते आत सारलं. ते घसरत गेलं आणि मधल्या सुरांतल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीखाली जाऊन घट्ट बसलं. पेटीवाले त्या पट्टीला पांढरी पाच म्हणतात.

मास्तर माझ्यापुढे बसले. नवं गाणं जुळवत होते. चाल वरून हळूहळू उतरत आली आणि नेमकी पांढऱ्या पाचवर टेकणार, तर पट्टी खाली जाईना. सूर नाही, नुसतं फुस्स. मास्तरांचं बोट घाबरून उडालं आणि सरळ वरच्या पांढऱ्या पाचवर जाऊन पडलं. सूर तोच, पण एकदम उंच.

भिंगरी टाळ्या पिटत नाचायला लागली. "बाबा, गाण्याने उडी मारली! पुन्हा मारायला सांगा ना!"

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा उडी. मग त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "काय घातलंस गं आत?"

"बटण. त्याला झोप आली होती."

"बरं. झोपू दे मग."

मास्तरीणबाई सुईत दोरा ओवून बाहेर आल्या तोवर बटण गेलेलं होतं. मास्तर पुढे कित्येक वर्षं तो कोट एक बटण कमी लावून वापरत राहिले.

ते उडीचं गाणं दुकानदाराने पहिल्यांदाच ठेवून घेतलं. बघता बघता ते सगळ्या शहराच्या तोंडी झालं. दूधवाला म्हणायचा, भट्टीतली माणसं कणीक तिंबताना म्हणायची, आणि उडीच्या जागी सगळ्यांचा आवाज चिरकायचा, तरी हौस दांडगी. गाणं खाली येतंय येतंय म्हणताना एकदम वर जायचं, याचीच लोकांना गंमत वाटायची. मग दुसरं गाणं आलं, तिसरं आलं. मास्तर रचायचे माझ्यावरच, आणि माझी पांढरी पाच मुकी, त्यामुळे प्रत्येक गाण्यात उडी आलीच. लोक त्यांना उडीवाले मास्तर म्हणायला लागले. बाकीचे गाणी रचणारेही उड्या मारायला लागले. त्यांच्या पेट्या धडधाकट होत्या, तरी उड्या. एका विद्वानाने तर लिहिलं म्हणे, की ही उडी म्हणजे माणसाच्या आत्म्याची झेप आहे. माझ्या पोटात कोटाचं बटण होतं. पण मला कोण विचारतो!

नवं गाणं आधी भिंगरीच्या गळ्यातून जायचं, मग दुकानात. ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची, कोपर माझ्या डोक्यावर टेकून. तिचा आवाज चांगला होता. मी सूर धरते, मला कळतं. उडीच्या जागी अख्ख्या शहराचा आवाज फाटायचा, हिचा पायरी चढावी तसा सहज वर जायचा. मास्तर पाय मारता मारता डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवसांत मी सुखी होते. लाकडाला जेवढं सुखी होता येतं तेवढी.

भिंगरी अठरा वर्षांची झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, फिरत्या नाटक मंडळीत गाणारी हवीय. मी जाऊन गाऊन आले. त्यांनी घेतलंय मला."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "नाही."

"का नाही?"

"आपल्या घरातली मुलगी लोकांपुढे उभी राहून गाणार नाही."

"तुमची गाणी मग कोण म्हणतं बाबा? त्या गाणाऱ्या बायका कुणाच्या घरातल्या नसतात का?"

मास्तरांनी आवाज चढवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत. एका बाजूला त्यांच्याच गाण्यावर बायका रंगमंचावर उभ्या होत्या, आणि लेकीने तिकडे पाऊल टाकायचं म्हटल्यावर ह्यांच्या अंगाची लाही लाही. बोलता बोलता ते उठले आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "जायचं तर जा. पण गेलीस की या दारातून परत आत यायचं नाही."

"अहो, काय बोलताय!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

भिंगरी दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन गेली. जाताना माझ्याजवळ थांबली, फळीवर पाय देऊन पांढरी पाच दाबली, फुस्स झालं, आणि ती जिना उतरली.

मास्तर रडले नाहीत. ते कामावर गेले, परत आले, जेवले. त्या आठवड्यात त्यांनी टोपी उडून गेलेल्या माणसावर एक गाणं रचलं. त्यांचं सगळ्यात विनोदी गाणं तेच. लोक पोट धरधरून हसले. रचताना मास्तरांचा चेहरा मी समोरून पाहिला आहे. भिंतीवर निदान ओल तरी येते.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भट्टी पेटायची, विझायची. दोघं जेवायला बसायची. "मीठ देता?" "घे." असं बोलणं व्हायचं. तिचं नाव निघत नव्हतं. माझ्या डोक्यावर आधी फुलदाणी आली, मग इस्त्रीचे कपडे, मग औषधाच्या बाटल्या. कुठलीही सपाट वस्तू माणसाला रिकामी बघवतच नाही. मास्तरीणबाई रोज माझी धूळ पुसायच्या आणि फडकं पांढऱ्या पाचवर आलं की फळीवर पाय देऊन पट्टी जराशी दाबायच्या. फुस्स. त्या घरात उसासा टाकायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. वारा आत यायचा, बाहेर जायचा.

एकदा दुकानदार घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "मास्तर, तुमच्या उड्या खऱ्या कोण मारतं ठाऊक आहे? ती फिरत्या मंडळीतली गाणारी. लांब लांबच्या गावांत गाजतेय. तुमचं नवं गाणं आलं की पहिला कागद मागवून घेते. दुसऱ्या कुणाचं गातच नाही म्हणे."

त्याला बिचाऱ्याला ती कोण हे ठाऊक नव्हतं. मास्तरीणबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मास्तर म्हणाले, "पाव आणायचाय," आणि चपला घालून जिना उतरून गेले. घरात दोन पाव शिल्लक होते.

पण त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. गाण्यात जिथे पांढऱ्या पाचची गरजच नाही, चाल दुसऱ्याच सुरावर चाललीय, तिथेही मास्तर मुद्दाम वाट वाकडी करून तिच्यापाशी यायचे. पट्टी दाबायचे, फुस्स झालं की मग उडी. एकेका गाण्यात चार-चार, पाच-पाच. पत्र लिहायचं तर मागचे शब्द गिळावे लागले असते, ते त्यांना जमत नव्हतं. उडी पाठवायला काही गिळावं लागत नाही. बटण अजून आत आहे, एवढंच त्या उडीतून तिला कळायचं. आणि ते तिच्याशिवाय जगात कुणालाच कळणार नव्हतं. मास्तरीणबाईंनाही नाही, त्यांना सूर कळत नव्हते.

पण अति तिथे माती. लोक उड्यांना विटले. दुकानदार म्हणायला लागला, "मास्तर, आता उडी पुरे. काहीतरी शांत द्या." मास्तर हं म्हणायचे आणि पुन्हा उडी द्यायचे. शेवटी त्याला कुठून तरी कळलं, की मास्तरांच्या पेटीची एक पट्टी चालत नाही. त्याला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय! मास्तर दुकानात असताना त्याने मोठ्या प्रेमाने एक दुरुस्तीवाला घरी धाडून दिला. म्हणे मास्तरांना चकित करू.

दुरुस्तीवाला म्हणाला, "दुकानातून आलोय, पेटी साफ करायला." मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि त्या आत आमटी ढवळायला गेल्या. त्या माणसाने मला उघडलं. कामाचा चोख होता, त्याचा काही दोष नाही. पट्ट्या उचलल्या, बटण काढून खिडकीत ठेवलं, पट्ट्यांखालचं झिजलेलं जाड कापड काढून नवंकोरं घट्ट बसवलं. मग फळी हलवून पांढरी पाच दाबली. ती वाजली. इतक्या वर्षांनी वाजल्यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. दात काढल्यावर जीभ जशी त्या जागी फिरते, तसा वारा तिथे फिरत राहिला.

मास्तरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तो निघून गेला होता. त्यांनी खिडकीतलं बटण पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सुईदोरा आणला, खुंटीवरचा तपकिरी कोट काढला आणि बटण त्याच्या जागेवर लावून टाकलं. बटण म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

संध्याकाळी मास्तर माझ्यापुढे बसले. चाल उतरवत आणली, पांढरी पाच दाबली. ती स्वच्छ वाजली. मास्तरांचे पाय थांबले.

"दुरुस्तीवाला आला होता," मागून मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बटण?"

"कोटाला लावलं."

"बरं," मास्तर म्हणाले.

झालं. त्यानंतर काही दिवस घरात आणखीही एक प्रकार चालला होता, तो ओघाने येईल.

महिन्याभराने त्यांनी नवं गाणं रचलं. त्यात उडी नव्हती. चाल खाली उतरत आली आणि पांढऱ्या पाचवर येऊन गप्प बसली. मास्तरीणबाईंनी विचारलं, "हे असं का हो? लोकांना सवय आहे तुमच्या त्या... वर जाण्याची."

"पट्टी चालू असताना उडी मारली तर ते खोटं होईल," मास्तर म्हणाले.

गाणं पडलं. दुकानदाराने डोक्याला हात लावला. उडी नको उडी नको म्हणून कंटाळलेले लोक आता म्हणायला लागले, मास्तरांच्या गाण्यात दम राहिला नाही. लोकांचं काही सांगू नका.

पण एक कागद नेहमीप्रमाणे लांब गेला होता.

एका दुपारी दार वाजलं. मास्तरीणबाईंनी उघडलं आणि त्या तशाच कडी धरून उभ्या राहिल्या. दारात चांगली पस्तिशीची बाई होती, कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"मी आत येत नाही," भिंगरी म्हणाली. आवाज तोच होता. "माझं बटण द्या. मी जाते."

मास्तर खुर्चीतून उठले. बाहेर निघालेले असावेत, अंगात कोट होता.

"नवं गाणं मिळालं मला," ती म्हणाली. "आठ दिवस तालीम केली. प्रत्येक वेळी वाटायचं, इथे उडी येईल, इथे येईल. आलीच नाही. काढलंत ना शेवटी?"

"मी नाही काढलं," मास्तर म्हणाले.

"पण परत घातलंही नाहीत."

मास्तर खाली मान घालून उभे राहिले. बोलले असते तर? पण त्या माणसाला टोपीवर गाणं सुचायचं, स्वतःबद्दल दोन शब्द सुचायचे नाहीत. मला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार कशी? माझ्या फळ्यांवर कुणाचा पाय नव्हता.

मग मास्तरीणबाईच बोलल्या. "घालायला गेले होते गं. कात्रीने दोरा कापायचे, तासतास पेटीपुढे गुडघ्यावर बसायचे. बटण आत जायचंच नाही. मग ते तसंच टेबलावर टाकून झोपायचे." त्यांनी पदराने नाही, सरळ हातानेच डोळे पुसले. "तीनदा शिवलंय मी ते बटण."

जिन्यात भट्टीचा वास येत होता. भिंगरीने कोटाकडे पाहिलं. बाकीच्या बटणांचा दोरा तपकिरी होता, या एकाचा काळा, जाडजूड, एकावर एक टाके घातलेला.

मास्तरांनी ते बटण पकडलं आणि हिसका दिला. कापडाचा बारीकसा तुकडा घेऊनच ते निघालं. ते त्यांनी तळहातावर ठेवलं, पण हात पुढे केला नाही.

"तिथून कसं घालशील?" ते म्हणाले. "आत यावं लागेल."

भिंगरीने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग आत आली.

पुढचं सोपं होतं. ती माझ्यापुढे गुडघ्यावर बसली, केसांतली पिन काढली आणि पट्टीखालचं ते नवंकोरं कापड कोपऱ्यातून उचकटून ओढून काढलं. म्हाताऱ्या बोटांना फटच सापडत नव्हती, ते घट्ट कापड उचकटणं तर दूरच. बटण सरकत आत गेलं. एका हाताने फळी दाबत तिने पांढरी पाच दाबली.

फुस्स.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. मास्तरीणबाई चहा ठेवायला गेल्या. मास्तर खुर्चीत बसले, पाय फळ्यांवर ठेवले आणि ते पडलेलं गाणं वाजवायला घेतलं. भिंगरी माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. औषधाच्या बाटल्या सरकवून तिने माझ्या डोक्यावर कोपर टेकलं. चाल खाली उतरत आली, मास्तरांच्या बोटाने मुक्या पट्टीला स्पर्श केला आणि उडी घेतली. तिचा आवाज आधीच वर जाऊन थांबला होता. मास्तरांचे डोळे मिटलेले होते आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं. पाय मात्र थांबले नाहीत, म्हणून मला वाजत राहावं लागलं.

त्यालाही पुष्कळ काळ लोटला. मास्तर गेले, मास्तरीणबाई गेल्या. मी आता भिंगरीच्या खोलीत आहे. इथे मागे भट्टी नाही, पाठ गार असते. तिचा गळा आता चालत नाही, ती मुलांना गाणं शिकवते. मास्तरांची गाणी अजून लोकांच्या तोंडी आहेत, कुणाची आहेत हे मात्र कुणाला सांगता येत नाही. माझा भाता ठिकठिकाणी उसवलाय. थोड्याच दिवसांत मी पुन्हा हातगाडीवर चढेन, कुणाच्या तरी घरी जाईन, कदाचित तुमच्याच.

आलेच, तर एवढंच मागणं आहे. माझ्या डोक्यावर बाटल्या ठेवा, कपडे ठेवा, चालेल. मधली पाचवी पांढरी पट्टी दाबाल तेव्हा ती वाजणार नाही. तुम्ही लगेच दुरुस्तीवाल्याला बोलवायला निघाल, कारण चांगल्या मनाची माणसं तेच करतात. त्याला बोलावू नका. तिथे काही बिघडलेलं नाही.